पाइपच्या बुडाशी राहिलेला तंबाखू

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. घरात विषय निघाला की पाइप डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडला असं सांगत आलो. बायको गेली तीही तेच खरं मानून. डॉक्टर तसं कधीच म्हणाले नव्हते.

मी कळंब रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो. गाडीतून उतरलेला कापूस हातात घेऊन, धागा ओढून, ओल बघून त्याची प्रत ठरवायची, हे माझं काम. तिथला एक नियम सगळ्यांना पाठ होता, बिडी-काडी फाटकावर. चौकीदाराच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. आत येणारा जो तो आपलं बंडल आणि माचिस तिच्यात ठेवी आणि जाताना उचली. साहेब लोकांचे खिसे मात्र कोणी बघत नसे, आणि मी साहेबांत मोडत होतो.

पाइप मला कापूस घ्यायला येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं दिला होता. तो नीट संपवायला मला शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. जिनिंगची यंत्रं त्यांच्या ताब्यात होती. मूळचे मुकुटबनचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांनी स्वतः जन्मात पाइप ओढला नव्हता, पण तापलेल्या लोखंडाशी कसं वागायचं हे त्यांना कळत होतं.

जेवणं झाली की आम्ही दोघं फाटकाबाहेर, पाण्याच्या टाकीमागे बसायचो. त्यांची बिडी पाच मिनिटांत संपायची, मग ते माझ्याकडे बघत बसायचे.

"साहेब, इंजिन अजून चालूच हाय काय?"

पाइपमधल्या तंबाखूचा शेवटचा हिस्सा वाफेनं ओला होतो, कडू लागतो, आतून गुळगुळ आवाज यायला लागतो. तरी मला तो तळापर्यंत ओढायची हाव.

"सोडा ना आता. बुडाचं कायले चाटून राह्यले? खीर हाय काय?"

सुरुवातीला मी पाइप संपला की बुटाच्या टाचेवर आपटायचो. ते बघून मिस्त्रींनी एकदा माझा हातच धरला. "थंडी होऊ द्या तिले. गरम चिलीम ठोकली तं तडकते. अन् वरून काळं दिसते म्हणून विझलं समजू नका. पोटात निखारा राह्यते." दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या आऱ्याचं एक टोक ठोकून चपटं केलं आणि मला कोरणी करून दिली. पाइप हाताला गार लागला की कोरणीनं बुडाचा ओला चोथा सैल करायचा, ओल्या वाळूच्या डब्यात झाडायचा आणि वर पाण्याचा हबका मारायचा. डबाही त्यांनीच आणून ठेवला होता. एकदा तो उरलेला तंबाखू वाळवून त्यांनी बिडीत भरून पाहिला आणि इतके खोकले की चौकीदार धावत आला. "मेलो बाप्पा," म्हणाले, "साहेब लोकं हे पैशे देऊन घेतेत?"

पाइप गार होईपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं मला आजही हवीशी वाटतात. तंबाखूपेक्षा जास्त. आम्ही फार बोलायचोही नाही. ते मुलीबद्दल सांगायचे, मी पोटाच्या तक्रारी सांगायचो. पुढे कितीतरी लोकांसोबत बसलो, पण दुपार तशी कधी गेली नाही.

हंगाम ऐन भरात असताना एका दुपारी मिस्त्री टाकीमागे आले नाहीत. एक यंत्र अडलं होतं. मी एकटाच ओढत बसलो. तेवढ्यात आतून निरोप आला, व्यापारी थांबलेत, लवकर या. पाइप अजून गरम होता. मी तो तसाच हातात घेऊन फाटकातून आत गेलो. मला कोण अडवणार? कापसाच्या गंजीजवळून जाताना मी तो सवयीनं तळहातावर उलटा करून ठोकला. चोथ्याची काळी, ओली गोळी हातावर पडली. गार लागली, म्हणून मी ती गंजीच्या कडेला टाकून दिली.

कापसाची आग लगेच दिसत नाही. ती आत शिरते आणि मुकाट्यानं पसरत जाते. तासा-दीड तासानं गंजीतून धूर निघाला. धावपळ झाली, टँकर आले, अर्धी गंजी गेली. माणसाला इजा झाली नाही. धूर नेमका कुठून निघाला ते मी पाहिलं होतं. त्या क्षणीच मला सगळं कळलं होतं.

त्याच संध्याकाळी गंजीमागच्या भिंतीशी बिडीचं थोटूक सापडलं. मिस्त्रींनी लगेच कबूल केलं. "खिशात एक बिडी-काडी राह्यली होती. यंत्र सोडून बाहेर जाता नाही आलं, म्हणून तिथंच दोन झुरके मारले. पण विझवली होती मी, मालक. पायानं चोळली होती."

मालकांनी मला विचारलं, "साहेब, तुम्ही काही पाहिलं?"

मी म्हणालो, "मिस्त्री त्या बाजूला जाताना दिसले होते."

हे खरं होतं. एवढंच बोललो आणि गप्प बसलो. मिस्त्रींना त्याच आठवड्यात काढलं. पुढे त्यांना कुठल्याच जिनिंगनं घेतलं नाही. ते मुकुटबनला परत गेले आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागले.

मागच्या हिवाळ्यात मी बसनं त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते मुलीकडे होते. फार वाळले होते, दिसायचंही कमी झालं होतं, पण मला आवाजावरून ओळखलं.

"चिलीम कुठी हाय, साहेब?"

"सोडली."

"कधी?"

"त्या आगीनंतर."

"माह्या गुन्ह्याची शिक्षा तुम्ही कायले घेतली? चोळली होती म्हणून सांगलं मी तवा. पण घरी येऊन लय इचार केला. नसंल नीट चोळली. माह्याच बिडीनं पेटली ती."

मुलगी चहा घेऊन आली. म्हणाली, "अब्बा रोज नमाजीत त्याचीच माफी मागतेत. आम्ही सांगून थकलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पोलिसात जाऊ दिलं नाही म्हणतेत. तुमचं लय नाव घेतेत."

पोलिसांत जायचं नाही हे मालकांनी ठरवलं होतं. मी कोणाला अडवलं नव्हतं. तेही मी तिला सांगितलं नाही. नोकरी गेली, एवढंच ओझं त्यांच्यावर असेल असं समजून मी तिथं गेलो होतो. आपल्या हातून आग लागली असं हा माणूस इतकी वर्षं मानत आलाय, हे मला ठाऊक नव्हतं. एका वाक्यात ते उतरवता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "चहा चांगला झालाय." मग बसची वेळ झाली. मिस्त्री मुलीच्या खांद्याला धरून दारापर्यंत आले.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. मिस्त्री गेले होते.

त्या भेटीत जे म्हणायचं राहिलं ते असं: मिस्त्री, तुमची बिडी विझलेली होती. गंजी माझ्यामुळे पेटली, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कोणाची माफी मागायची नाही. मी तुमची मागतो.