मान हलवायची सवय

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. त्याचं श्रेय कोकणातल्या शाळेच्या मराठीच्या बाईंचं. रोज प्रार्थनेनंतर त्या मला बातम्या वाचायला उभं करायच्या आणि मागून ओरडायच्या, "ऐकू येत नाही गं!" त्या ओरडण्याच्या जोरावर मी मुंबईत रेडिओची निवेदिका झाले. राहायचे घाटकोपरच्या एका चाळीत, मावशीच्या खोलीत. पण रेडिओचं काम अधूनमधूनच मिळायचं. बाबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत काही पक्कं झालं नाही तर परत यायचं, गावच्या शाळेत जागा आहे.

गणपती झाले आणि टीव्ही केंद्रातून बोलावणं आलं. एका संध्याकाळी थेट प्रक्षेपणात निवेदन करायचं, जमलं तर घेणार.

चाळीत नुसता गोंधळ. पांढरी साडी चालणार नव्हती, बारीक चौकटीही नकोत, कॅमेऱ्यात त्या नाचतात म्हणे. मग दारोदारच्या साड्या आमच्या खाटेवर येऊन पडल्या. समोरच्या गुजराती बेन म्हणाल्या, "माझी पोपटी ने, मस्त चमकेल."

"अगो, टीव्हीवर जातंस की लग्नाक?" मावशी.

लाल की जांभळी यावर दुपार गेली. गिरणी बंद झाल्यापासून घरीच असलेले काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते शेवटी म्हणाले, "बेनचो टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट आसा. काय्येक नेसा, करडांच दिसतला."

चाळीत टीव्ही तेवढा एकच होता. मी हसत हसत मावशीची निळी नेसले आणि निघाले.

स्टुडिओत दिवे इतके प्रखर की मला कॅमेऱ्यापलीकडचं काही दिसेना. निवेदन मात्र तोंडपाठ होतं. कॅमेऱ्याशेजारच्या माणसाने हात वर केला, बोटं मिटत आणली आणि हात खाली टाकला. म्हणजे बोल.

आता रेडिओची आमची एक रीत सांगते. तिथे काचेपलीकडून इंजिनिअर हात करायचे, आपण मान हलवून 'तयार' म्हणायचं, मग लाल दिवा लागायचा. ती मान इंजिनिअरशिवाय कुणालाच दिसत नसे.

इथे हात खाली आला आणि मी सवयीने मान हलवली. चांगली खालपर्यंत, शाळेत बाईंना 'हो' म्हणताना हलवायचे तशी. मग हसून "नमस्कार" म्हटलं. तोवर कॅमेरा कधीच सुरू झाला होता. अख्ख्या महाराष्ट्राला मी कसलासा होकार दिला होता.

पुढचं सगळं नीट झालं. पण बाहेर आल्यावर निर्मात्यांनी विचारलं, "कुणाला हो म्हणत होतीस गं?" मी खरं ते सांगितलं. ते "उद्या ये," एवढंच म्हणाले. बसमध्ये मला गावची शाळा दिसायला लागली.

चाळीत पाऊल टाकलं तर टाळ्या! बेननी तोंडात पेढा कोंबला. मावशी डोळे पुसत होती. "माका बघून मान हलयलंस ना गो? मीयां पण हलयलंय!"

"चल, मला बघून हलवली," बेन म्हणाल्या.

भांडण पेटलं. जिला विचारावं तिने मला उलट मान हलवलेली. काका तेवढे भांडणात नव्हते. कार्यक्रमभर ते गच्चीवर अँटेना धरून उभे होते बिचारे, त्यांना मी दिसलेच नव्हते. "खालून 'हलवू नको, हलवू नको' म्हणान बोंब मारीत होते," ते म्हणाले, "तेवढा ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा काढला.

"बोरिवलीला माझी आई असते. रात्री तिचा फोन आला. म्हणते, ती निळ्या साडीतली मुलगी ओळखीची वाटते रे, मान हलवलीन माझ्याकडे बघून, मग मीही हलवली."

म्हणजे बोरिवलीचा टीव्ही रंगीत होता, हे मला तेव्हाच कळलं.

"मंगळवारपासून यायला लाग," ते म्हणाले. "पण ते मान हलवणं बंद. कळलं?"

मी मान हलवली. चांगली खालपर्यंत.