मागावर पाठ झालेलं प्रमेय

तांडापेठेत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरोघरी हातमाग चालत. बोलायचं तर ओरडून बोलायचं, आणि भांडायचं तर घसा बसेस्तोवर. अशा गल्लीत कोष्ट्यांच्या घरची सून सुभद्रा रेडिओ ऐकून मॅट्रिक व्हायला निघाली होती. आता बोला!

साल एकोणसत्तर. सुभद्राला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी ट्रेनिंग हवं, ट्रेनिंगसाठी मॅट्रिक हवी, आणि बाई बाहेरून बसून गणितात दोनदा आपटलेली. नवरा अनंत खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला, शनिवारी घरी यायचा. त्यानं ट्रान्झिस्टर आणून दिला. दुपारी मॅट्रिकच्या पोरांसाठी पाठ लागतात, ते ऐक म्हणाला. वर हेही म्हणाला, "पण हा शेवटचा फॉर्म. यंदा नाही जमलं त सोडून दे." वाईट नव्हता तो, थकला होता.

पहिल्या दिवशी रेडिओवरचे मास्तर बोलू लागले आणि शेजारी सासऱ्यांचा माग. एक शब्द कळेल तर शपथ. सुभद्रानं कान रेडिओला चिकटवला, रडकुंडीला आली. तेवढ्यात माग थांबला. सासरे गणपतराव मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर येऊन भिंतीला टेकून बसले.

"काहून थांबले मामाजी?"

"गुडघे दुखून राहिले. तू आयक तुझं."

मग रोज पाठाच्या वेळी नेमके त्यांचे गुडघे दुखू लागले. अर्धा तास. पाठ संपला की गुडघे ठणठणीत! सुभद्रा भोळी, तिला ते खरंच वाटलं. तिनं एरंडाचं तेल गरम करून दिलं, म्हाताऱ्यानं मुकाट्यानं चोळलंही.

माघात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. रंभाबाईंना घेऊन सुभद्रा धंतोलीच्या दवाखान्यात गेली, आणि नेमका त्याच दुपारी भूमितीचा पाठ होता, जिथं ती दोन्ही वेळा अडकली होती. डोळ्याला पट्टी बांधलेल्या रंभाबाईंना सुनेची चुळबुळ कळली.

"काय झालं वं?"

"पाठ गेला आत्याबाई. आज प्रमेय होतं."

"जाऊ दे. तुझा सासरा त्या पाठापायी दुपारी माग थांबवते अन् तेवढं काम भरून काढाले पहाटे चारले उठते. गुडघ्याले काय धाड भरली त्याच्या?"

सुभद्रा मनातून मेल्याहून मेली. एवढं करून शेवटी पाठ हुकला तो हुकलाच.

संध्याकाळी सासूबाईंचा डबा न्यायला घरी आली तर गणपतराव वाटच पाहत होते.

"वही घे. दुपारी रेडिओ लावून आयकला म्या. पाठ सांगतो."

ज्यांना सही येत नव्हती ते प्रमेय सांगणार! पण कोष्टी माणूस. लुगड्याच्या काठाची नक्षी त्यांच्या घरात कधी कागदावर नव्हती. दोन धागे उचल, एक दाब, चार उचल, असं बापानं गाऊन सांगायचं आणि पोरानं ऐकून पाठ करायचं. त्याच चालीवर म्हातारा सुरू झाला. "त्रिकोण अ ब क, बरं का मुलांनो. अ ब चा मध्य ड, अ क चा मध्य इ. ड इ जोडा. आता पेन्सिल घ्या बरं. ड इ वाढवा फ पर्यंत..." मास्तर जिथं खोकले तिथं गणपतरावही खोकले. सुभद्रा हसत होती, डोळे पुसत होती आणि लिहीत होती. आकृती जमली. दोनदा न उमगलेलं सगळं पायरी पायरीनं उमगलं.

परीक्षेत तेच प्रमेय आलं. तिनं त्याच चालीवर मनात म्हणत झराझरा लिहून टाकलं. घरी येताना एकदम आठवलं की भरात आपण पेपरात "बरं का मुलांनो" लिहून आलो. अन्न गोड लागलं नाही बाईला निकाल लागेपर्यंत.

तपासणारा भला असावा. गणितात बेचाळीस.

सुभद्रा धावत घरी आली ती सरळ माग चालू असलेल्या खड्ड्याशी. सासऱ्यांच्या पायांपर्यंत हात पोचेना, म्हणून मागाच्या लाकडालाच तिनं डोकं टेकलं.

"मी पास झाले मामाजी. तुमच्यामुळे झाले. हे मी जन्मभर विसरणार नाही."

"मी काय केलं? शिकवलं त्या मास्तरनं." गणपतरावांनी आडव्या सुताचा धोटा आणखी दोनदा फेकला. मग मान वर न करता म्हणाले, "तुले एक सांगू का? मी पुरं पाठ केलं, पण मले त्यातलं काही समजलं नाही वं, एक अक्षर नाही. तू आता मास्तरीण होशील. मले समजावून देशील?"

सुभद्रानं कोळशाचा तुकडा घेतला, खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसली आणि सारवलेल्या जमिनीवर त्रिकोण काढला. गणपतरावांनी माग थांबवला.