पुढच्याच्या शब्दावर

आमच्या दोघांत एक पद्धत आहे. डोंगरउतारावर जो पुढं, त्यानं ओरडून सांगायचं, "दगड, डावीकडं!", "चर!" मागच्यानं तेवढ्या शब्दावर सायकल सोडायची, कारण धुरळ्यात त्याला स्वतःला फारसं दिसत नाही. पुढं कायम माझा मित्र. तो कागलच्या एमआयडीसीत लेथवर, माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. सोमवार दोघांच्या सुट्टीचा. बारा वर्षांत त्याचा एकही दगड खोटा निघाला नाही.

खोटा निघालो तो मी.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मला न्यूमोनिया झाला. जिना चढताना मधेच बसावं लागायचं. गणपती बसायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "फुप्फुस साफ आहे. चालवा सायकल, हळूहळू वाढवा." त्याच संध्याकाळी मी मित्राला सांगितलं, अजून परवानगी नाही. भीती वाटत होती, बस्स. चढावर धाप लागली तर? पण तेवढं म्हणायला जीभ रेटली नाही.

तो दर सोमवारी घरी येत राहिला. वहिनींनी दिलेला बकऱ्याच्या पायाचा रस्सा आणायचा, माझ्या सायकलीत हवा भरायचा, साखळीला तेल द्यायचा. "तू तरी जाऊन ये की," म्हटलं तर म्हणायचा, "एकट्यानं काय मजा मर्दा? हुशील की बरा." मी मान खाली घालून रस्सा प्यायचो. असे त्याचे चार महिने मी खाल्ले.

थंडीत निघालो शेवटी. जोतिबाच्या डोंगरामागची वाट. चढाला तीनदा उतरून सायकल ढकलली, पण छाती शाबूत राहिली. वर तो पाणी पीत होता, तेव्हाच बोलून टाकलं.

"गणपतीच्या आधीच परवानगी मिळालती. मीच भ्यालतो."

बाटली तोंडाशीच थांबली. "म्हंजे मी उगंच घरात बसलतो?"

"व्हय."

"लेका, ह्ये पोट बघ. तुझ्यापायी सुटलंय!" पण तो हसला नाही. "भ्यालो, असं म्हणायचं की. मी काय खाणार हुतो तुला?"

त्यानं बाटली सायकलीला अडकवली. मग हेल्मेटचा पट्टा आवळून म्हणाला, "आज तू म्होरं."

त्याचे ब्रेक जुने, बोट लागलं की किंचाळतात. खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दावर कोण सायकल सोडतंय? माझे डोळे वाटेवर होते, कान मागं. पहिल्याच वळणाला तांबड्या मातीतून वर आलेला मोठा दगड दिसला.

"दगड, उजवीकडं!"

मागून ब्रेक वाजला नाही. नुसता चाकांचा आवाज, तोही जोरात. "कळलं! बोल म्होरं!"

मग मी घसा बसेस्तोवर ओरडत सुटलो. चर, मूळ, खड्डा, काही म्हणून सोडलं नाही. खालच्या ओढ्याजवळ मागून आवाज आला, "मर्दा, खडं नगो सांगूस! दगड तेवढं सांग!"