परतीची तार

नवऱ्याचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हापासून देवाशी माझं बोलणं कमीच झालं होतं. किनाऱ्यावरच्या होड्या ओढून वर काढायचं त्याचं काम मी हाती घेतलं, ट्रॅक्टर शिकले. पण ट्रॅक्टरलाही दुखणं जडलं. सकाळी झटकन सुरू होई. तापल्यावर बंद पडला की नुसता ‘टक्’ आवाज. नवी बॅटरी घातली, कसालच्या मेकॅनिकने स्टार्टर उघडून बघितला, तरी तेच.

एका दुपारी होडी ओढताना ओल्या वाळूतच इंजिन बंद पडलं. भरती चढत होती. किल्ली फिरवली की ‘टक्’. होडीवरच्या खलाश्यांनी धक्का मारला, तशी चाकं आणखी रुतली. पाणी मागच्या टायरांना लागलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “रवळनाथा, माझ्यान आता होवचा नाय. तूच बघ,” एवढंच म्हटलं. रडू आलं, पण आत कुठेतरी हलकंही वाटलं.

तेवढ्यात फ्रॉकमधली एक म्हातारी बाई चपला हातात घेऊन वाळूतून आली. वेंगुर्ल्याची. बहिणीकडे निघालेली, चुकून एक थांबा आधी उतरलेली. तो ‘टक्’ ऐकून ती थबकली.

“माझ्या घोवाच्या ट्रकाक असाच होय गो. बॅटरीची परतीची तार इंजनाच्या अंगाक खंय लावलेली आसा? थंय गंज बघलंस?”

वाकून बघितलं. ती तार इंजिनाला जिथे आवळली होती, तो बोल्ट चिखलाखाली खाऱ्या हवेने पार खाल्ला होता. सोडवायला वेळ नव्हता. “मगे दुसरी तार लाव,” ती म्हणाली. खलाश्यांनी होडीच्या बॅटरीची जाड केबल सोडून आणली. एक टोक आमच्या बॅटरीच्या काळ्या, म्हणजे उणे बाजूला लावलं, दुसरं एकाने इंजिनावर दाबून धरलं. मी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, आणि थोड्या वेळात होडीसकट आम्ही कोरड्या वाळूवर होतो.

तिला बहिणीकडे मीच ट्रॅक्टरवरून सोडलं. वाटेत क्रुसापाशी तिने थांबायला सांगितलं आणि डोळे मिटले. मीही खाली उतरून हात जोडले; नाव मात्र रवळनाथाचंच तोंडात आलं.

“कोणाकय हाक मार,” ती हसली, “आयकता तो एकच.”

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. तार गंजली होती, बाई वाट चुकली होती. पण सगळं आपल्याच दोन हातांनी ओढायचं आहे, ही माझी समजूत त्या वाळूत राहिली. त्या संध्याकाळी नवऱ्याच्या पानात मासा वाढताना, कितीतरी दिवसांनी, मी देवाशी बोलत होते.