भावोजींची नॉर्वेची तयारी

नॉर्वेला जाण्याची जेवढी तयारी माझ्या धाकट्या दिरांनी केली, तेवढी जन्मभर नॉर्वेत राहणाऱ्यांनीही केली नसेल. सलग सात वर्षं. त्यातली बरीचशी माझ्या स्वयंपाकघरात झाली, आणि त्या काळात शाळेत शिकवून घरी येताना मी वाटभर एकच मागणं मागत असे, की आज काही नवीन निघालेलं नसू दे.

भावोजींचा रत्नागिरीच्या बाजारात छोटासा फोटो स्टुडिओ होता. दाखवायच्या मुली, आखातात निघालेले ताठ मानेचे पुरुष, काजळ फिसकटलेली बाळं, असे चेहरे टिपून टिपून त्यांना माणसांचाच कंटाळा आला असावा. अशात जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका वर्गमित्राने सुट्टीवर येताना परदेशी मासिक आणलं. पाणबुड्यांनी नॉर्वेच्या समुद्रात तळाशी जाऊन काढलेले फोटो होते त्यात; तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, पण पानभर मोठ्या केलेल्या. जांभळ्या, केशरी, पाठीवर पिसारा घेतलेल्या. भावोजींनी ते मासिक माझ्या चिरलेल्या भेंड्यांवर पसरलं.

"वहिनी, असा फोटो मी काढणार. तिथे जाऊन."

"आपल्याला समुद्र कमी पडला का?"

"आपला कोमट. शिवाय गढूळ. रंग उठतो तो थंड पाण्यात."

हे त्यांनी इतक्या अधिकाराने सांगितलं, की मी निमूटपणे मासिकाखालून भेंड्या काढून घेतल्या.

आधी त्यांनी कॅमेऱ्याची लेन्स उलटी बसवली. तसं केलं की बारीक वस्तू मोठी दिसते म्हणे. मग महिनाभर आमच्या घरात मुंगीला मान होता. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर झटकायची सोय नव्हती. "वहिनी, थांबा, मिशा स्वच्छ करतेय ती!" मग कॅमेरा पाण्यात न्यायला पेटी हवी. ॲल्युमिनियमचा डबा माझा, काच देवाच्या तसबिरीची, आणि पाणी शिरू नये म्हणून कडेला कुकरची रबरी रिंग. त्या सात वर्षांत मी कुकरच्या किती रिंगा आणल्या, याचा दुकानदारालाही अचंबा वाटे. "बाई, तुमच्याकडे रोज पंगत असते का?" असं त्याने एकदा विचारलंच.

थंडीसाठी रबरी पोशाख लागतो, हे कळल्यावर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा जमवून शिंप्याकडे टाकल्या. शिंप्याची सुई मोडली, मैत्री तुटली, पण अंगरखा झाला. तो चढला पावडर लावून. उतरेना मात्र कशानेच. शेवटी मी आणि ह्यांनी मिळून, कात्रीने, भावोजींना त्यातून सोडवलं. ते आतून सारखे सांगत होते, "शिवणीवर कापा, शिवणीवर!"

मग थंडी सोसायचा सराव. बंदरावरच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली आणि विहिरीजवळच्या हौदात पडली. भावोजी गळ्यापर्यंत आत, हातात घड्याळ, ओठ निळे. बर्फ मासळीसाठी असलेला. आमच्या शाकाहारी घरादाराला पुढे चार दिवस बांगड्याचा वास येत होता. भावोजींना ताप भरला. मी काढा उकळत होते आणि कपाळाला आठ्या घालून ह्यांच्याकडे बघत होते.

"करू दे गो त्याला," हे म्हणाले. "कुणाचं काही घेत नाही ना?"

माझी रिंग घेतात, असं ओठांवर आलं होतं. पण काढा उतू जायला आला होता.

सातव्या वर्षी, जानेवारीतल्या एका शनिवारी, वरण अडलं म्हणून रिंग शोधत मी भावोजींच्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडला. आत त्या जहाजावरच्या मित्राचं नॉर्वेहून आलेलं पत्र होतं, चार वर्षांपूर्वीचं. त्याने लिहिलं होतं, तिथल्या पाणबुड्यांशी बोलणं झालंय, राहायची सोय माझ्याकडे, जहाजाचंही जमवतो, तू फक्त डॉक्टरचा दाखला घेऊन ये. मी तशीच स्टुडिओत गेले.

"भावोजी, बोलावणं आलं होतं. गेला का नाहीत?"

ते निगेटिव्ह पुसत होते. पुसतच राहिले. "डॉक्टरांनी कान बघितला. डाव्या पडद्याला भोक आहे, लहानपणापासूनचं. खोल पाण्यात उतरायचं नाही, म्हणाले. कधीच."

"मग चार वर्षं ही तयारी कसली?"

"तयारीला कान कुठे लागतो, वहिनी?"

रागवायला गेले होते, रागच सापडेना. मग मीच बोलून बसले, "उद्या रविवार आहे. पूर्णगडच्या कातळावर ओहोटी कधी लागते?"

त्यांनी वेळ तोंडपाठ सांगितली.

पहिल्या एसटीने गेलो. ओहोटीने कातळातली डबकी उघडी पडली होती, आणि पाणी चक्क गार होतं. मी तेलात भिजवलेल्या कापसाचे बोळे त्यांच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले. मित्राने पाठवलेला पाणबुड्याचा चष्मा लावून, श्वासाची नळी तोंडात आणि कॅमेऱ्याची पेटी हातात धरून, भावोजी गुडघाभर पाण्यात पालथे झाले. नॉर्वेच्या तळाशी जायचं होतं, ते माझ्या पावलांशी तरंगत होते.

रोल रंगीत, म्हणून धुवायला मुंबईला गेला. पस्तीस फोटो नुसते हिरवे आले. एकात मात्र नखाएवढी गोगलगाय होती, पांढरी, कडेला पिवळी रेघ. कोमट समुद्रातली असून रंग चांगला उठला होता. भावोजींनी तो फोटो मित्राला पाठवला आणि पत्रात काय लिहिलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही.

मला फोटोपेक्षा ती सकाळच आठवते. भरती लागली होती. परतीची गाडी चुकली असती, घरी वह्यांचा गठ्ठा तपासायचा होता, पाय बधिर झाले होते. "भावोजी, उठा आता," मी दोनदा हाक मारली. कापसाच्या बोळ्यांमुळे त्यांना ऐकू गेलं नाही. हलवावं म्हणून वाकले, तर पाण्यावर पसरलेले त्यांचे केस दिसले. सगळे पांढरे. एका घरात राहून हे कधी झालं, ते मला कळलंच नव्हतं. त्यांचं बोट अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने, कॅमेऱ्याच्या पेटीवरच्या खटक्याकडे सरकत होतं.

मी हात मागे घेतला. साडी वर खोचली आणि पाणी चढत होतं तिथेच उभी राहिले.