मागीलदारचा महाराजा

जगात राजे पुष्कळ झाले असतील, पण हडळीला केस बांधून दरबारात यायला लावणारा राजा एकच झाला, आणि तो आमच्या घरात, माझ्या भावाच्या पोटी, मुलगी होऊन जन्माला आला. माझी ही भाची आता दुसरीत आहे. तिच्या राज्याची हद्द आमच्या मागील दाराच्या पायऱ्यांपासून बांबूच्या बेटापलीकडच्या जुन्या चिरेखाणीपर्यंत. प्रजा म्हणाल तर बेटातली हडळ, पिंपळावरचा मुंजा, गोठ्यामागचा खवीस आणि खाणीच्या पाण्यातला गिऱ्हा. दरबार तिन्हीसांजेला भरतो, आणि नेमके तेव्हाच दिवे गेले तर महाराज विशेष खूश असतात. हो, महाराजच. तिला राणी म्हटलेलं चालत नाही. "राणी नुसती बसून असते," असं तिचं मत आहे.

लग्नानंतर बरीच वर्षं देवदेव करून झालेली पोर, तेव्हा लाड होणार हे मी धरूनच चालले होते. पण लाडाला काही सुमार? माझा भाऊ लोट्याच्या एमआयडीसीत, कारखान्यात. रात्रपाळी करून कंपनीच्या बसने सकाळी घरी येणार, जरा पाठ टेकणार, की ही त्याच्या छातीवर भातुकली मांडणार, आणि तो बापमाणूस डोळे मिटून हसणार! वहिनी तर बोलून चालून आई. पण खरे गुन्हेगार आमचे आबा, म्हणजे माझे वडील. आबा गावचे गावकर. नांगरणी असो, घरभरणी असो, शिमग्याची पालखी असो, नारळ पुढे ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. खणखणीत आवाजात ते देवाला आणि वेशीवरच्या राखणदारांना सांगणार, याचं संकट टाळ, त्याची गुरं सुखी ठेव, आणि जमलेला गाव दर वाक्याला एका सुरात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" असा हा माणूस नातीच्या ताटासमोर मांडी ठोकून गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, आमची बाय आज भात खाईना झाल्ये. तिच्या तोंडाची चव कोणी पळवली असंल, तर ती माघारी आणून दे म्हाराजा!" यावर वहिनीने चुलीपुढून आणि भावाने झोपेतून "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग बाईसाहेब एक घास घेणार. पुढच्या घासाला पुढचं गाऱ्हाणं.

मी तेवढी म्हणत नसे. मी शाळेत शिकवते. शिस्त नावाची काही चीज या घरात उरावी म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसायचे. पण हिचे कान तिखट. "आत्या व्हय म्हणाली नाही," असं जाहीर व्हायचं आणि उचललेला घास परत ताटात पडायचा. "म्हण की गो एकदा, काय जीभ झिजते तुझी?" आबा उलट माझ्यावरच डोळे वटारायचे. नाही म्हणजे नाहीच म्हटलं मी. तिने मात्र या सगळ्यातून सरळ हिशेब मांडला. घर ज्याला होय म्हणतं तो महाराजा, आणि घर होय म्हटलं की होतं ते आपल्या मनासारखं. तेव्हा महाराजा कोण, यात विचारायचं काय?

नुसत्या राजाला राज्य नव्हतं, ते माझ्या हातून मिळालं. खाणीत पावसाचं पाणी साठून राहतं. पोर तिकडे फिरकू नये म्हणून एका संध्याकाळी मी तिला समोर बसवून सगळी भुतं एकेक करून सांगितली. डोळे मोठे केले, आवाज खोल काढला, गिऱ्हा पाय धरून खाली कसा ओढतो ते तिचाच पाय धरून दाखवलं. आता ही भोकाड पसरणार म्हणून मी पदर सावरून बसले, तर ही म्हणते, "आत्या, त्यांचा राजा कोण?" "कोणी नाही," मी बोलून गेले. झालं! दुसऱ्या दिवशी वहिनीची हंड्याखालची चुंबळ डोक्यावर चढवून, हातात चुलीची फुंकणी घेऊन, पालथ्या टोपलीवर महाराज बसलेले. खाणीकडे ती कधी फिरकली नाही, एवढं मात्र खरं. राजाने कशाला जायचं, प्रजेने यायचं!

राज्य कडक होतं. हडळीने केस बांधून यायचं, गिऱ्ह्याने सारवलेल्या अंगणात येताना पाय पुसायचे, मुंजाने शाळेत जायचं. घरातलं काहीही फुटलं तरी मुंजाचं काम, आणि त्याला ताबडतोब उठाबशा. ताटातलं कारलं न चुकता गिऱ्ह्याकडे रवाना व्हायचं, "बिचारा पाण्यात उपाशी असतो" म्हणून. आंब्याची फोड मात्र प्रजेला कधी मिळाल्याचं मी पाहिलं नाही. शेजारची काकू एकदा विरजण मागायला आली आणि मागीलदारच्या मधल्या पायरीवर जरा टेकली, तर ही किंचाळली, "काकू, खविसाच्या मांडीवर बसलीस गो!" काकू विरजण तिथेच टाकून पळाली. तेव्हापासून त्या पायरीवर आमच्याकडे कोणी बसत नाही; मी भुतंखेतं मानत नाही, पण मीसुद्धा तिच्यावर पाय न देता उतरते. आता सांगायला हरकत नाही, मला अंधाराची भीती वाटते. दिवे गेल्यावर कोंबड्यांचं खुराडं लावायला जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. हे त्या कार्टीला कसं कळलं कोण जाणे. एकदा मी दारातच घुटमळत होते, तर फुंकणी हलवून म्हणाली, "जा तू, आत्या. तू माझ्या ओळखीची आहेस हे मी त्यांना सांगितलंय."

मागच्या दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा एक बाजू लुळी आणि तो खणखणीत आवाज कुठे गेला होता देव जाणे. दोन शब्द काढायलाही धडपडायचे. पुढे पुढे संध्याकाळ झाली की त्यांना खोलीत माणसं दिसू लागली. कधीच गेलेला भाऊ, आई, आणखी कोणीतरी. चांगला हात भिंतीकडे करून थरथरायचे. आजारात असं होतं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भावाने मोठा दिवा लावला, वहिनीने अंगारा लावला. मी जवळ बसून मोठ्याने सांगायचे, "आबा, कोणी नाही हो तिथे! बघा, भिंत आहे नुसती." मग ते माझ्याकडे असे बघायचे, की मलाच गलबलून यायचं. आयुष्यभर सगळ्या गावाची भीती देवाच्या कानावर घालणारा माणूस, आणि त्याची भीती ऐकून घ्यायला घरात कोणी नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी ही चुंबळ घालून आत आली आणि खाटेवर चढून बसली. "कितीजण आहेत, आबा?" तिने विचारलं, पाहुणे किती म्हणून विचारावं तसं. आबांनी तीन बोटं दाखवली. मी तिला ओढायला पुढे झाले, पण भावाने माझा हात धरला. तिने फुंकणी भिंतीकडे रोखली. "ऐका रे! आमच्या आबांना बरं नाही. एकाने पायाशी बसायचं, एकाने दारात, आणि त्या आजीने खिडकीत. कोणी हूं की चूं करायचं नाही. समजलं?" आबांचा वाकडा ओठ हलला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आम्हाला कळेल असा शब्द बाहेर आला: "व्हय... म्हाराजा." त्या रात्री ते झोपले. "हाकलून का नाही दिलंस त्यांना?" मी नंतर विचारलं. "असं कसं? आबांना भेटायला आलेत ना," ती म्हणाली. मग रोज तिन्हीसांजेला, खेळ टाकून, कार्टून टाकून, ही खाटेवर हजर. एकही दिवस तिने चुकवला नाही. मी एवढी वर्षं मुलांना शिकवते, पण इतकी शिस्त मी वर्गात पाहिलेली नाही.

शिमग्याच्या तोंडावर एका पहाटे आबा गेले. घरभर रडारड, आणि ही शांत. दिवसकार्य होईपर्यंत डोळ्यांतून टिपूस नाही. "लहान आहे, कळत नाही," बायका म्हणायच्या. मला मात्र कळत होतं. तिच्या लेखी आबा गेलेच नव्हते. ते तिच्या राज्यात आले होते, आणि तिथे तर तिचाच शब्द चालतो.

तेराव्याची माणसं पांगल्यावर संध्याकाळी तिने मागीलदारी दोन ताटल्या मांडल्या. स्वतःच्या ताटलीतली आंब्याची फोड काढून दुसरीत ठेवली. चुंबळ नीट केली. "आबा, जेवायला या," तिने हुकूम सोडला. बांबू करकरला, बाकी काही नाही. "आबा, मी महाराजा बोलत्ये. या म्हटलं ना!" मग पाय आपटून, मग गळा फाडून. मी दारात उभी होते. पळत जाऊन तिला सांगावं, अगो, तिथे कोणी नाही, हे माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. ती वळली. "आत्या, आबा ऐकत नाहीत," ती म्हणाली.

मी खाली उतरले आणि त्या मधल्या पायरीवर, खवीस असेल तर असो, बसकण मारली. तिला मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे ती रडली. किती वेळ रडली ते सांगता येत नाही. मीही रडत होते. मग तिने माझ्या पदराला नाक पुसलं, खाली पडलेली चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली आणि अंधाराकडे तोंड करून सांगितलं, "आबांना मी सुट्टी दिल्ये. आता कोणी त्यांना हाक मारायची नाही."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिला कडेवर उचलून आत नेलं. चांगलीच जड झाली आहे आता.