तुलारामच्या बैलांची जप्ती

अठ्ठ्याऐंशी साली ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत जंगल खात्यानं तुलारामची बैलगाडी धरली. घराचं आढं मोडलं म्हणून त्यानं स्वतःच्या बांधावरचा साग तोडून गाडीत घातला होता.

"माह्या शेतातलं झाड, मले परवानगी कायले?" त्यानं विचारलं. खात्याच्या माणसांनी गाडी-बैल सरकारी आवारात नेऊन बांधले. महिन्याभरात कागद आला : गाडी, बैल सरकारजमा.

भंडाऱ्याच्या वकिलानं कागद दोनदा वाचला. "परवानगी लागतेच, तुलारामजी. पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय जप्ती करता येत नाही. तीस दिवसांत अपील करू."

अपील झालं आणि तारखा पडत गेल्या. बैलांवाचून बायको धुरपता कुदळीनं शेतातली बांधी खणू लागली, तोवर रोवणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडले. तुलाराम रोज बैलांसाठी तणसाचा भारा घेऊन सरकारी आवारात जाई. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

दिवाळीनंतर निकाल लागला : जप्ती रद्द. तुलाराम दावी घेऊन धावत गेला. आवारात एकच बैल जिवंत होता. दुसरा आदल्या दिवशी बसला तो उठलाच नव्हता.

"दोन बैल मिळाले म्हणून अंगठा द्या," कारकून म्हणाला.

"साहेब, एकच हाय ना जी!"

"आदेशात दोन आहेत. अंगठ्याशिवाय हाही सोडता येणार नाही."

तुलारामनं अंगठा दिला आणि उरलेल्या बैलाच्या मानेला मिठी मारून तो ओक्साबोक्शी रडला.